घरात राहूनच बाथरूम आणि स्वयंपाकघराचं काम काढायचं आहे. घराची तयारी कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात १९९४ साली बांधलेलं तळमजल्याचं घर. दोन्ही बाथरूम गळतात, स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा आहे, हॉलची मोझॅक फरशी काढून टाइल्स लावायच्या आहेत. घरात नवरा-बायको, दम्याचा त्रास असलेल्या ७६ वर्षांच्या सासूबाई आणि दहावीतली मुलगी. दुसरीकडे राहायला जाणं शक्य नाही. ठेकेदार म्हणतो, दिवाळी झाली की सुरू करू, ४५ दिवसांत घर हातात देतो. घरच्यांनी काय तयारी करावी?

उत्तर:

ताई, मी सिव्हिल इंजिनियर आहे आणि बरीच वर्षं नागपुरात दुरुस्तीचीच कामं करतो, तीही बहुतेक लोक राहत असलेल्या घरांत. तुमच्या प्रश्नात सामान हलवण्याची, पॅकिंगची काळजी जास्त दिसते. ती शेवटची गोष्ट आहे. आधी ठेकेदाराशी बसून कामाचा क्रम ठरवा. ठेकेदाराच्या सोयीचा क्रम म्हणजे पहिल्या आठवड्यात सगळीकडे तोडफोड. मलबा एकदम उचलला जातो आणि मजुरांना रोज काम मिळतं. रिकाम्या घरात हे बरोबर आहे. माणसं राहत असलेल्या घरात मात्र रोज संध्याकाळी मिस्त्री घरी गेल्यावर चार गोष्टी चालू असल्याच पाहिजेत: एक संडास-बाथरूम, एक शेगडी, एक नळ आणि धूळ नसलेली झोपायची एक खोली. हे वाक्य कोटेशनमध्ये लिहून घ्या. तोंडी सांगितलं तर "होऊन जाते ना ताई" हे उत्तर मिळेल, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही शेजाऱ्यांकडे आंघोळीला जाल.

आता वेळ. मुलगी दहावीला असताना हे सगळं काम सलग ४५ दिवसांत काढू नका, दोन भाग करा. पहिल्या भागात दोन्ही बाथरूम, दिवाळीनंतर. दुसऱ्या भागात स्वयंपाकघर आणि फरशी, परीक्षा संपल्यावर. ठेकेदार कुरकुरेल, कारण त्याला सेंट्रिंगचं सामान, मशीन, माणसं पुन्हा आणावी लागतात. थोडे पैसे वाढवून मागेल, ते द्या.

पण "दिवाळी झाली की" हेही तपासून घ्या. आपल्याकडे ठिय्यावर, म्हणजे सकाळी मजूर उभे राहतात त्या चौकात, मिळणारे मजूर आणि बरेचसे मिस्त्री बालाघाट, छिंदवाडा, भंडारा-गोंदिया, छत्तीसगड या बाजूंचे असतात. दिवाळीला ते गावी जातात आणि धानाची कापणी आटोपूनच परततात. भाऊबीज झाली म्हणून सोमवारी काम सुरू होईल असं समजू नका. तुळशीचं लग्न, कार्तिक पौर्णिमा यानंतरच टोळी पूर्ण जमते. तिथून एका बाथरूमला साधारण तीन आठवडे धरले, तर एकामागून एक दोन्ही बाथरूम संक्रांतीच्या आत होतात. शाळेची पूर्वपरीक्षा आणि फेब्रुवारीत सुरू होणारी बोर्डाची परीक्षा, दोन्हींच्या वेळी घर शांत राहील.

दुसरा भाग गुढीपाडव्याच्या आसपास सुरू करा. होळीला मजूर पुन्हा गावी जातात आणि होळीनंतर पंधरा दिवसांनी पाडवा येतो, तोवर ते परतलेले असतात आणि बोर्डाचे पेपरही बहुधा संपलेले असतात. एप्रिल संपण्याआधी सिमेंटचं ओलं काम आटोपलं पाहिजे, याची दोन कारणं आहेत. मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि प्लास्टर पाणी मारण्याआधीच सुकतं. काँक्रीटच्या क्युरिंगसाठी, म्हणजे पाणी मारून ते ओलं ठेवण्यासाठी, आयएस ४५६ या भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान ७ दिवस सांगितले आहेत, उष्ण-कोरड्या हवेत १०, आणि पीपीसीसारख्या (राख वगैरे मिसळलेल्या) मिश्र सिमेंटला ते १४ पर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. आज दुकानात मिळणारं बहुतेक सिमेंट पीपीसीच असतं. मिस्त्री सहाला निघून जातो, रविवारी येत नाही. म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाणी मारण्याचं काम घरच्यांच्याच वाट्याला येणार. ते कुणी करायचं हे आधीच ठरवा आणि पाइप तिथपर्यंत पोचतो का ते बघून ठेवा.

दुसरं कारण कूलर. कूलर बाहेरची हवा आत ओढतो. अंगणात कुणी टाइल किंवा ग्रॅनाइट कापत असेल आणि खिडकीचा कूलर चालू असेल, तर ती पांढरी धूळ गवताच्या ताट्यांतून थेट सासूबाईंच्या खोलीत येते. उरलेली धूळ टाकीत बसून पंपात जाते. कटिंग कुठे करायचं ही जागा तुम्ही ठरवून द्या: कूलरच्या विरुद्ध बाजूला, शक्यतो घराच्या मागे. कटर चालू असेल तेवढा वेळ कूलर बंद. एप्रिलमध्ये मजुरांना सकाळी सातला बोलवा, दुपारी बारा ते चार सुट्टी द्या. त्यांनाही बरं पडतं आणि तुम्हाला दुपारची झोप मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. ते तोडफोडीच्या आधी, एका दिवसात करून घ्यायचं आहे. गच्चीवर जा. टाकीतून किती पाइप खाली उतरतात ते मोजा. त्या काळच्या घरांत बहुतेकदा एकच जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप उतरतो आणि खाली त्याला फाटे फुटतात: एक फाटा पहिल्या बाथरूमला, एक दुसऱ्याला, एक स्वयंपाकघराला. अशा वेळी एका बाथरूमची भिंत फोडली की टाकीचा मुख्य कॉकच बंद करावा लागतो आणि सगळं घर कोरडं पडतं. एकाला गच्चीवर उभं करा, एकाला खाली. कॉक बंद केल्यावर खालच्याने एकेक नळ उघडून "चालू आहे", "बंद झालं" असं ओरडून सांगायचं. पंधरा मिनिटांत घराची नळरचना कळते. ती कागदावर काढा. मग प्लंबरला बोलावून प्रत्येक बाथरूमची आणि स्वयंपाकघराची लाइन टाकीपासून वेगळी करा, प्रत्येकीला स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवा, व्हॉल्व्हवर रंगाने खूण करा. हे सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) पाइपमध्ये करा, कारण जुना जीआय आतून गंजून निम्मा बुजलेला असतो आणि तो हलवला की गंज सुटून नवीन नळांच्या जाळ्यांत अडकतो. त्याच दिवशी अंगणात मिस्त्रीसाठी एक वेगळा नळ काढून द्या. तो नसला की मिस्त्री बादली घेऊन तुमच्या स्वयंपाकघरात येणार.

बाथरूमचा क्रम ठरवताना सासूबाईंचा विचार आधी करा. त्या रोज जे वापरतात ते शेवटी तोडा. पहिलं बाथरूम त्यांच्या गरजेप्रमाणे तयार करा: न घसरणारी टाइल, कमोडच्या बाजूला आणि शॉवरजवळ भिंतीत घट्ट बसवलेला दांडा, उंबरठा जवळजवळ जमिनीलगत, दार बाहेर उघडणारं. दांड्यासाठी विटेची भिंत असेल तर अडचण नाही, पण जागा टाइल लावण्याआधी ठरवा आणि त्या उंचीची नोंद ठेवा, म्हणजे पुढे छिद्र पाडताना पाइप फुटणार नाही. नवीन तयार झालं की त्यांना आठवडाभर तेच वापरू द्या. सवय झाली की मगच जुनं तोडा. डिसेंबरमध्ये आपल्याकडे सकाळी चांगलाच गारठा असतो, म्हणून जे बाथरूम चालू असेल तिथे गीझर आधी हलवा. हे हमखास विसरलं जातं आणि मग म्हातारं माणूस थंड पाण्याने कुडकुडतं.

तीन आठवडे एवढ्याशा खोलीला कशाला, असं वाटेल. तोडायला आणि मलबा काढायला दोन-तीन दिवस. पाइप, सांडपाण्याचा ट्रॅप आणि इलेक्ट्रिकसाठी झिऱ्या, म्हणजे खाचा, मारून बुजवायला चार-पाच. मग वॉटरप्रूफिंगचे थर, ते वाळण्याचा वेळ, आणि त्यानंतर ४८ तास पाणी भरून ठेवायचं. ही चाचणी ठेकेदाराला टाळू देऊ नका. नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून फरशीवर दोन-तीन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलने रेघ मारायची, वेळ लिहायची. तुमचा तळमजला आहे, त्यामुळे खाली कुणाचं छत नाही. पण बाहेरच्या जोत्याला आणि शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल येते का ते हात लावून बघायचं. रेघेखाली पाणी थोडं उतरेल, ते बाष्पाचं. बोटभर उतरलं तर टाइल लावू नका. हे दोन दिवस "काम बंद आहे" असं घरच्यांना वाटतं आणि तेच ठेकेदाराच्या मागे लागतात. कृपा करून लागू नका. बाथरूम गळतं म्हणूनच तर एवढा खर्च करताय.

तोडफोड सुरू होण्याआधी टाइल्स, कमोड, बेसिन, नळ, डायव्हर्टर हे सगळं विकत घेऊन घरात आलेलं असावं. डायव्हर्टर म्हणजे पाणी नळाला की शॉवरला ते वळवणारा कॉक; त्याचा आतला भाग भिंतीत गाडला जातो, तो हातात नसेल तर प्लंबर अंदाजे जागा सोडतो आणि नंतर नवी टाइल फोडावी लागते. टाइल्स लागतात त्यापेक्षा दहा टक्के जास्त घ्या, सगळ्या खोक्यांवर एकच बॅच आणि एकच शेड आहे का ते दुकानातच बघा आणि शेवटी एक खोकं पलंगाखाली कायमचं ठेवा. पाच वर्षांनी एक टाइल फुटली तर ती बाजारात मिळत नाही. प्लास्टर करण्याआधी पाइप आणि वायरी उघड्या दिसतात, तेव्हा भिंतीला मापाचा टेप लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. त्याचा उपयोग पुढची वीस वर्षं होतो.

घरातून मिस्त्रीशी बोलणारं माणूस एकच असू द्या. सकाळी साहेब सांगतात बेसिन उजवीकडे, दुपारी आई सांगतात डावीकडे, आणि मिस्त्री ज्याचं शेवटी ऐकलं त्याचं करतो. एक वही दाराला दोरीने बांधा. जे ठरलं ते तारखेसकट त्यात लिहा, ठेकेदाराची सही घ्या. ठरल्यापेक्षा जास्तीचं काम निघालं की त्याचा दर आधी वहीत लिहायचा, मग काम. जुन्या घरात भिंत उघडल्यावर काहीतरी निघतंच, म्हणून बजेटच्या वर १५ टक्के बाजूला ठेवा आणि त्याला हात लावू नका.

आता धूळ. सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे यावर जरा जास्त लिहितो. तोडफोडीची धूळ जाड असते, दिसते, बसते, पुसता येते. टाइल, ग्रॅनाइट, क्वार्ट्झ कोरडं कापताना जी उडते ती फार बारीक सिलिकाची असते. ती फुप्फुसात खोल जाते, आणि वर्षानुवर्षं ती श्वासात घेणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस होतो. उपाय साधा आहे: पाणी सोडत कापायचं. कटरच्या पात्यावर बारीक धार सोडायला एक मजूर बाटली घेऊन उभा राहतो, बस. कोटेशनमध्येच लिहा की कटिंग ओलं आणि घराबाहेर होईल. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. कापणाऱ्या पोराला एन-९५ मास्क तुम्ही आणून द्या, आणि तो घालतोय ना ते बघा.

दारं-खिडक्यांचं जुनं ऑइलपेंट कोरडं घासू देऊ नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या घराचे सुरुवातीचे थर त्याच्या खूप आधीचे आहेत, त्यात शिसं असू शकतं. पाणी लावून घासायचं, खाली प्लास्टिक पसरायचं, पडलेली पापुद्री गोळा करून पिशवीत बांधायची. लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर हे काम सुरू असताना त्यांनी तिथे थांबू नये. मागच्या अंगणात सिमेंटच्या नालीदार पत्र्याची शेड असेल तर ते पत्रेही हातोड्याने फोडू नका, जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. नट सैल करून अख्खे उतरवायचे.

सासूबाईंना पूर्ण दीड महिना कुठे पाठवायची गरज नाही. प्रत्येक बाथरूमच्या तोडफोडीचे दोन-तीन दिवस आणि नंतर स्वयंपाकघराच्या तोडफोडीचे दोन दिवस, एवढ्यापुरतं नणंदेकडे किंवा बहिणीकडे जाता आलं तर उत्तम. तारखा ठेकेदाराकडून आधी घ्या. बाकीच्या दिवसांसाठी कामाच्या जागेपासून सर्वांत लांबची खोली "स्वच्छ खोली" ठरवा. दाराला जाड प्लास्टिकचा पडदा वरून आणि एका बाजूने टेपने चिकटवा, दुसरी बाजू मोकळी, खाली ओलं पोतं. त्या खोलीत मिस्त्रीचं एकही अवजार जाणार नाही. मुलीची पुस्तकं, सासूबाईंची औषधं आणि इनहेलर, देवघरातले देव, कागदपत्रं, सगळं तिथेच. देव हलवताना सासूबाईंना विचारून, त्यांच्या हाताने हलवा. घर उलटंपालटं झालेलं असताना रोजची पूजा नेहमीच्या वेळेला होत राहिली की म्हाताऱ्या माणसाला मोठा आधार वाटतो, हे मी बऱ्याच घरांत बघितलं आहे.

घरात झाडू मारू नका, धूळ पुन्हा उडते. ओल्या कपड्याने पुसा. दागिने, रोकड बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि कपाटांना कुलूप लावा. काही हरवलं तर पहिला संशय सर्वांत गरीब माणसावर जातो, आणि बऱ्याचदा वस्तू आठवड्याने आपल्याच पोत्यात सापडते. तशी वेळच येऊ देऊ नका.

विजेबद्दल. तुम्ही लक्ष ठेवलं नाही तर मजूर वायरची दोन उघडी टोकं काडीने सॉकेटमध्ये खोचून ड्रिल चालवतात, तेही ओल्या जमिनीवर उभं राहून. इलेक्ट्रिशियनकडून एक तात्पुरता बोर्ड करून घ्या: तीन पिनचे दोन सॉकेट, नीट अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. मिस्त्रीने त्यावरूनच मशीन चालवायची. काम संपल्यावर तोच आरसीसीबी घराच्या मुख्य बोर्डात बसवून घ्या, जुन्या घरांत तो नसतोच.

मजुरांच्या सोयी ही घराच्या तयारीतलीच गोष्ट आहे. तुमच्याकडे दोन-तीन रेजा, म्हणजे बाया मजूर, असतील. त्या दिवसभर घमेली वाहतात. त्यांनी संडासला कुठे जायचं हे पहिल्याच सकाळी त्यांना स्पष्ट सांगा. कुणी सांगत नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. चालू असलेलं बाथरूम वापरू द्यायचं असेल तर तसं सांगा. बाहेर जुना संडास असेल तर तो साफ करून, पाणी आणि कडी बघून त्यांना द्या. सावलीत डबा खायची जागा, पिण्याच्या पाण्याचा माठ, दोन वेळचा चहा. सोबत लहान लेकरू असेल तर त्याला रेतीच्या ढिगावर आणि वायरींजवळ फिरू देऊ नका, व्हरांड्याचा एक कोपरा द्या. ठेकेदार चुकारा, म्हणजे मजुरीचे पैसे, दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी करतो ना, हे अधूनमधून मजुरांना विचारा. चुकारा अडला की तुमचं काम अडतं.

एक नियम पहिल्या दिवशी घालून द्या: घमेली, थापी, फावडं धुवायचं ते अंगणातल्या ड्रममध्येच. मोरीत किंवा बाथरूममध्ये धुतलं की सिमेंटचं पाणी ट्रॅपमध्ये जाऊन दगड होतं. मग नवीन बाथरूममध्ये पाणी तुंबतं आणि कारण कुणालाच कळत नाही. काम सुरू होण्याआधी चालू मोरीच्या जाळीवर गोणपाट बांधा, अंगणातल्या चेंबरची झाकणं वर प्लास्टिक टाकून झाका, आणि त्यांच्यावर रेती-गिट्टी टाकू देऊ नका. मलबा पोत्यांत भरून फाटकाच्या आत ठेवायचा आणि गाडीभर झाला की उचलायचा. तो कुठे नेऊन टाकणार हे ठेकेदाराला विचारा. मनपाने सांगितलेल्या ठिकाणीच गेला पाहिजे, मोकळ्या प्लॉटवर किंवा नाल्याच्या काठावर नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव आणि नाग नदीच्या काठच्या घरांत किती पाणी शिरलं हे आपण बघितलं आहे. नाल्यात पडलेलं एकेक टोपलं पुढे कुणाच्या तरी घरात पाणी शिरवतं.

शेजाऱ्यांना आधी जाऊन सांगा, त्यांच्याकडेही बोर्डाची मुलं असतील. दुपारी दोन ते चार हातोडा बंद, एवढं कबूल केलं तर कुणी तक्रार करत नाही.

दुसऱ्या भागाकडे येतो. स्वयंपाकघर बंद होणार तेव्हा तात्पुरता ओटा मागच्या व्हरांड्यात किंवा हवा खेळती असलेल्या खोलीत मांडा, सासूबाईंच्या खोलीत नको. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर, भक्कम टेबलावर. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, तिच्यावरची तारीख बघा आणि पाच वर्षं झाली असतील तर बदला. सिलिंडर हलवायचं काम गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडून करून घ्या, प्लंबरकडून नाही. तिथेच भांडी धुवायला पाणी आणि निचरा मिळत असेल तर तुमचे निम्मे कष्ट वाचले. एक कुकर, दोन कढया, तवा, पोळपाट, माणशी दोन ताटं-वाट्या एवढंच बाहेर ठेवा. बाकी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून पोत्यांत भरा आणि पोत्यावर आतलं सामान मोठ्या अक्षरात लिहा. तोडफोडीच्या आणि ओटा बसवण्याच्या दिवसांसाठी डब्याची सोय आधी सांगून ठेवा.

पाडव्याच्या सुमारास आपल्याकडे वर्षाचे गहू येतात, मग तिखट, हळद, आणि पाठोपाठ पापड-कुरड्या, लोणचं. यंदा गव्हाची खरेदी महिनाभर पुढे ढकला. भरलेली कोठी हलवताना माणसाची कंबर जाते आणि नव्या फरशीवर ओरखडे पडतात. वाळवण गच्चीवर घालणार असाल तर कटिंग थांबल्यावर घाला.

ओट्याचा ग्रॅनाइट कापण्याआधी सिंक, शेगडी आणि चिमणी घरात आलेली असू द्या, कारण कापायचं माप त्यांच्यावरून घेतात. चिमणीच्या पाइपचं भोक आणि पाणी शुद्धीकरणाच्या यंत्राचा पॉइंट प्लास्टरआधी सांगा. आणि स्वयंपाकघर-हॉलमधली भिंत काढून मोकळं करायचा मोह झाला असेल तर थांबा. त्या काळची बरीच घरं नऊ इंची भिंतींवरच उभी आहेत, कॉलम नाहीत, आणि खाली आपली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. अशा घरातली भिंत स्ट्रक्चरल इंजिनियरने जागेवर येऊन बघितल्याशिवाय एक वीटही काढायची नाही. ठेकेदाराचा "काही होत नाही" हा शब्द इथे चालत नाही.

हॉलची मोझॅक फरशी मात्र तोडू नका. तुमच्या कामातली सर्वांत जास्त धूळ आणि मलबा त्या एका निर्णयातून येणार आहे. काळपट झालेली मोझॅक मशीनने पॉलिश केली की तीन-चार दिवसांत पुन्हा चमकते. पॉलिश ओलं असतं, त्यामुळे धूळ नाही. राडा होतो, तो मोरीत न सोडता सुपड्याने बादलीत भरायचा. फरशी ठिकठिकाणी खचली असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तरच बदला. नुसती जुनी दिसते म्हणून टाइल हव्याच असतील तर जुन्या फरशीवर अ‍ॅडहेसिव्हने लावता येतात. फक्त दारं खालून किती कापावी लागतील आणि बाथरूमचा उंबरठा किती खाली जाईल हे आधी मोजा.

राहिले ते ४५ दिवस. दोन बाथरूम एकामागून एक म्हणजे सहा आठवडे. स्वयंपाकघर साडेतीन ते चार. पॉलिश एक आठवडा, खोल्या आलटून पालटून रिकाम्या करायच्या म्हणून. रंग दोन. एकूण तीन महिने, मध्ये परीक्षेची सुट्टी सोडून. तुमच्या ठेकेदाराचा आकडा रिकाम्या घराचा आहे, आणि रिकाम्या घरासाठी तो खोटा नाही. त्याच्यापुढे हा हिशेब ठेवा, प्रत्येक टप्प्याची तारीख आणि त्या टप्प्याचा हप्ता वहीत लिहा, आणि शेवटचे दहा टक्के पैसे बाथरूम महिनाभर वापरून झाल्यावर द्यायचे असं ठरवा. हे त्याला मान्य असेल तर या रविवारी गच्चीवर जाऊन पाइप मोजा आणि प्लंबरला सोमवारी बोलवा.